दोनशे बिनचाकी खुर्च्यांचं रहस्य

"लिहून घ्या," भाऊजी म्हणाले. "उंची मध्यम, कपाळ भव्य, नजर तीक्ष्ण, पाऊल इतकं हलकं की जिन्यावरची धूळसुद्धा हलत नाही. आणि स्मरणशक्ती... काय सांगत होतो मी?"

"स्मरणशक्ती," मॅनेजर म्हणाला.

"हां. स्मरणशक्ती अचाट."

तपासाच्या वहीत पहिलं वर्णन तपास करणाऱ्याचं हवं, असा भाऊजींचा आग्रह होता, म्हणून मॅनेजरनं ते लिहून घेतलं. जिन्यावरची धूळ हलत नव्हती हे खरंच होतं, कारण कारखान्याचे सगळे झाडू भाऊजींच्या खोलीत अडकून पडले होते. जिन्याखालची ती खोली मुळात झाडू-बादल्यांचीच. भाऊजींनी तिच्या दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी लावली, तेव्हापासून झाडू हवा असेल तर आधी दारावर टकटक करायची आणि "बसा, घाबरू नका, सुरुवातीपासून सांगा" हे ऐकून घ्यायचं, असा रिवाज पडला होता. त्यापेक्षा लोकांनी धूळ पत्करली.

भाऊजी म्हणजे मालकीणबाईंचे धाकटे दीर. बाई त्यांना भाऊजी म्हणत म्हणून सगळा कारखाना त्यांना भाऊजी म्हणे. पाठीमागे मात्र त्यांचं नाव ‘भिंगवाले’. भिंग हातातून सुटलंच तर खिशात असे. आजवर त्यांनी एकच प्रकरण निकालात काढलं होतं, शेजारच्यांच्या हरवलेल्या मांजराचं. मांजर तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी परतलं. भाऊजींच्या मते ते शरण आलं होतं.

कारखाना फिरत्या खुर्च्यांचा. एका खुर्चीला पाच चाकं, आणि ती चाकं पुरवत चाकवाले काका. त्यांचं छोटंसं वर्कशॉप शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. भाऊजींचे थोरले भाऊ अचानक गेले, तेव्हा ‘आता ह्या बाईंच्यानं काय कारखाना चालतोय’ म्हणून बाकीच्यांनी माल पाठवायचं थांबवलं होतं. एकट्या काकांनी चाकांची खोकी नेहमीसारखी पाठवली आणि बरोबर निरोप धाडला, ‘खुर्च्या करत राहा.’ तेव्हापासून दर सोमवारी अगदी ठरल्या वेळी त्यांचा टेम्पो मागच्या फाटकाशी येऊन उभा राही. बाई त्या दिवशी घड्याळाकडे बघत नसत.

या सोमवारी टेम्पो आला नाही.

वेळही नेमकी अडचणीची. एका नव्या ऑफिसला शनिवारी दोनशे खुर्च्या पोचवायच्या होत्या. त्या नाही पोचल्या तर काम समोरच्या रस्त्यावरच्या कारखान्याकडे जाणार आणि इथली दुसरी पाळी बंद होणार, हे स्पष्ट होतं. पाळी बंद झाल्याचं कामगारांना सांगायचं काम अर्थातच मॅनेजरचं. सकाळपासून तो दुसऱ्या पाळीच्या हजेरीपटावरची नावं पुन्हा पुन्हा वाचत होता. बाईंनी दिवसभर काकांना फोन लावला, तो लागेना. इकडे बिनचाकी खुर्च्या तयार होतच होत्या. कारखान्यात पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा मॅनेजरनं त्या मागच्या बाजूला, माल न्यायच्या आतल्या उताराच्या खालच्या टोकाशी रचून ठेवायला सांगितल्या. एका रात्रीचा तर प्रश्न होता.

"वहिनी," संध्याकाळी भाऊजी भिंगावर फुंकर मारत म्हणाले, "हे प्रकरण माझ्याकडे द्या."

बाई इतक्या गांजल्या होत्या की त्या "बरं" म्हणाल्या. वर आणखी म्हणाल्या, "मॅनेजरना घ्या मदतीला." मॅनेजरनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं.

मंगळवारी सकाळी तपासाला तोंड लागलं. भाऊजी गोदामात रिकाम्या फरशीवर ओणवे झाले.

"इथे चाकं नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत."

"का नाहीत?"

"आली नाहीत म्हणून."

"वरवर बघणाऱ्याला तसंच वाटणार," भाऊजी म्हणाले आणि गुडघे झटकत उठले.

दुपारी ते खोटी मिशी लावून समोरच्या कारखान्याच्या दुकानात गेले आणि तिथल्या प्रत्येक खुर्चीत बसून आले. तिथल्या मालकानं "या भाऊजी, मिशी शोभते तुम्हाला" असं म्हणून चहाही पाजला. परत आले ते बाईंच्या टेबलावर मूठ आपटतच.

"सापडलं! त्यांच्या खुर्च्यांना चाकं आहेत!"

"सगळ्यांच्याच खुर्च्यांना असतात," मॅनेजर म्हणाला.

"आपल्या आहेत?"

भाऊजी बाईंकडे वळले.

"काका फितूर झाले, वहिनी. आपली चाकं समोर गेली."

बाईंचा चेहरा उतरला. नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन वाजला आणि पडद्यावर ‘चाकवाले काका’ अशी अक्षरं उमटली. बाईंनी हात पुढे केला. भाऊजींनी बोट वर केलं.

"वाजू द्या. अपराधी माणूसच आधी फोन करतो."

"सकाळी ते फोन करत नव्हते म्हणून तुमचा त्यांच्यावर संशय होता," मॅनेजर म्हणाला.

"आणि आता करताहेत म्हणून तो बळावला. तपास असा पुढे सरकतो, मॅनेजर."

मॅनेजरला वाटलं, बाई आता दिरांना चार शब्द सुनावतील. पण बाई नुसत्याच फोनकडे बघत राहिल्या. "काल दिवसभर मी लावत होते, तेव्हा कुठे होते हे?" त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी हात मागे घेतला. त्यांना राग आला नव्हता, त्यांचं मन दुखावलं होतं. रागावलेल्या माणसानं फोन उचलून भांडण तरी केलं असतं. फोन वाजून वाजून बंद झाला.

भाऊजींनी लगेच दोन हुकूम काढले. चाकवाल्यांचा फोन कुणी घ्यायचा नाही. आणि पुढच्या दारावरच्या वॉचमननं चाकवाल्यांच्या कुठल्याही माणसाला आत पाऊल टाकू द्यायचं नाही. वॉचमनला इतका स्पष्ट हुकूम नोकरीत पहिल्यांदाच मिळाला होता. तो खूष झाला.

बुधवारी प्रकरणाला नवं वळण लागलं. भर दुपारी मागच्या बाजूनं कुठूनतरी दबका आवाज आला. पोंऽऽ पोंऽऽ पोंऽऽ पों.

"ऐकलंत?" भाऊजी कुजबुजले. "तीन लांब, एक आखूड. कालही वाजलं होतं. खूण आहे ही! टोळीचं काम आहे."

"कुणीतरी हॉर्न वाजवतंय."

"कशासाठी?"

"बघून येऊ का?"

"थांबा!" भाऊजींनी भिंग त्याच्या चेहऱ्यासमोर धरलं. काचेतून त्यांचा एक डोळा बशीएवढा दिसत होता. "तुम्हाला तिकडे जायची एवढी घाई का? सोमवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"तुमच्यासमोर."

"फारच सोयीस्कर," भाऊजी म्हणाले.

मग मॅनेजरची उलटतपासणी सुरू झाली, ती चहाची वेळ उलटली तरी संपेना. तोवर हॉर्न कधीच थांबला होता. मागच्या बाजूला बिनचाकी खुर्च्यांची रास आता छपराच्या पत्र्याला टेकली होती. खुर्च्या जाड फोमच्या, उत्तम प्रतीच्या. त्यांच्यामागे कुणी ढोल बडवला असता तरी आत कुजबुजच ऐकू आली असती.

गुरुवारी भाऊजींनी तपासाबरोबर उपायही आणला. कुणा ओळखीच्या माणसाकडून चाकांचं एक खोकं उचलून आणलं आणि बाईंसमोर ठेवलं. "काका गेले तर गेले. चाकं काय, कुठेही मिळतात."

मॅनेजरनं एक चाक हातात घेऊन पाहिलं. ते पुढे फिरत होतं, मागे फिरत होतं, पण वळत नव्हतं. "भाऊजी, ही हातगाडीची चाकं आहेत."

"चाक ते चाक. बसवा. मी स्वतः प्रात्यक्षिक देतो."

पाच चाकं ठोकून बसवली गेली. खुर्ची उताराच्या वरच्या टोकाला ठेवली आणि भाऊजी तीत ऐटीत बसले. सगळी पाळी काम टाकून बघायला जमली. बाईही आल्या.

"ढकला," भाऊजी म्हणाले. "अलगद."

मॅनेजर स्वभावानं सरळ माणूस होता. घरी मुलांवर त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. पण तीन दिवसांचा तपास त्याच्या खांद्यांत साठला होता, आणि खुर्ची जरा जास्तच अलगद ढकलली गेली.

ती नाकासमोर निघाली. "वळत नाहीये!" भाऊजी ओरडले. "मॅनेजर, ही वळत नाहीये!" उतारभर हीच तक्रार करत ते थेट राशीत घुसले. मोठा आवाज झाला. वरच्या खुर्च्या आधी डुलल्या, मग एकेक करून खाली आल्या आणि सगळी रास दोन्ही बाजूंना कोसळली. मधून भाऊजींचे पाय दिसत होते, आणि त्यांच्यामागे मालाचं मोठं लोखंडी फाटक. बाकीचा माल महिन्याच्या सुरुवातीलाच येऊन पडलेला, त्यामुळे आठवडाभर त्या फाटकाची कुणाला आठवणही झाली नव्हती.

फाटकावर कुणीतरी बाहेरून थापा मारत होतं.

"अरे, आत कुणी आहे का? की सगळे देशोधडीला लागले?"

आवाज भाऊजींच्या आईचा होता. मॅनेजरनं धावत जाऊन कडी काढली. बाहेर आई उभ्या होत्या, हातात मुलाचा डबा. पुढच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत म्हणून त्या नेहमी मागच्या गल्लीनं येत. त्यांच्यामागे चाकांच्या खोक्यांनी भरलेला टेम्पो उभा होता.

"हा बिचारा टेम्पोवाला मंगळवारपासून रोज येतोय," आई म्हणाल्या. "हॉर्न वाजवतो, फाटक ठोठावतो आणि परत जातो. पुढून गेला तर तुमचा तो वॉचमन अंगावर येतो म्हणे. मी विचारलं म्हणून कळलं. तुम्ही कुणी विचारलंत का?"

मॅनेजरनं कपाळावर हात मारून घेतला. चाकं आली नाहीत म्हणून त्यानं खुर्च्या फाटकाला लावल्या होत्या, आणि खुर्च्या फाटकाला लागल्या म्हणून चाकं येत नव्हती.

"मला फाटकाचा संशय आधीपासूनच होता," राशीतून भाऊजींचा आवाज आला.

"तू गप्प बस," आई म्हणाल्या, "आणि आधी तिथून पाय बाहेर काढ."

पण कुणी हसलं नाही, कारण टेम्पोतून चाकवाले काका स्वतः उतरले होते. त्यांनी खोक्यांना हात लावला नाही. बाईंकडे न बघताच ते बोलू लागले.

"माझ्या माणसाला दारातून हाकललं. म्हणे वरून हुकूम आहे. फोन केले, कुणी घेतले नाहीत. म्हटलं, आज आपण स्वतः जावं. फाटक उघडलं नाही तर समजायचं, इथलं आपलं संपलं. समोरच्यांचं बोलावणं आलेलंच आहे. मी निघतच होतो, पण ह्या माउलीनं टेम्पोसमोर उभं राहून अडवलं."

मॅनेजरच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या पाळीतले सगळे चेहरे येऊन गेले. भाऊजी राशीतून लंगडत बाहेर आले आणि त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

"हुकूम यांचा होता, पण फोन माझ्यासमोर वाजत होता, काका," बाई म्हणाल्या. "नाव दिसत होतं. मी उचलला नाही. माझ्या वाईट दिवसांत एकट्या तुम्ही माल पाठवलात, आणि मी एका सोमवारावरून तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

काकांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मीही शहाणा नाही. मला रबरच मिळालं नव्हतं. सोमवारी दिवसभर रबरवाल्याला शोधत हिंडत होतो, तिथे फोन लागत नाही. उशीर होणार हे आदल्या दिवशीच कळलं होतं, पण तुम्हाला सांगायची लाज वाटली. इतक्या वर्षांत कधी चुकलो नव्हतो ना."

"मग सांगायचंत की. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"मग उचलायचात की फोन," काका म्हणाले, आणि दोघंही हसली. आई म्हणाल्या, "झालं ना? मग उतरवा ती खोकी. डबा गार होतोय."

शुक्रवारभर सगळा कारखाना चाकं बसवत होता. भाऊजींनाही हातोडी देण्यात आली. चाकं त्यांनी बरी बसवली, फक्त प्रत्येक चाक आधी भिंगातून पाहिलं. शनिवारी दोनशे खुर्च्या नव्या ऑफिसात पोचल्या आणि दुसऱ्या पाळीला काहीही सांगायची वेळ मॅनेजरवर आली नाही.

सोमवारी बाईंनी दिरांना बोलावलं. "भाऊजी, तुम्हाला चौकशा करायची हौस आहे ना? मग रोज सकाळी माल देणाऱ्या सगळ्यांना फोन करायचा. चाकवाले, फोमवाले, कापडवाले, स्क्रूवाले. कसं चाललंय, एवढंच विचारायचं. संशय घ्यायचा नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

मॅनेजरला वाटलं, आता कारखाना बुडाला. पण झालं भलतंच. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे काढून घेण्यात भाऊजींचा हात धरणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं ते फक्त चुकीच्या लोकांना विचारत होते. फोमवाल्याचं गोदाम गळतं, कापडवाल्याचा जुना कारागीर काम सोडतोय, स्क्रूवाल्याचं भावाशी पटत नाही, हे सगळं सकाळच्या चहाआधी कळू लागलं. कुठे काय अडणार हे आधीच समजल्यामुळे मॅनेजर आधीच तजवीज करू लागला. पाळी एकदाही थांबली नाही, नवी कामं येत गेली, आणि हजेरीपट काढून वाचत बसायचं मॅनेजर कधी विसरला हे त्यालाही कळलं नाही.

एका सकाळी भाऊजी फोन कानाला लावून, डोळे मिटून बसले होते.

"काका," ते गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडचं रबर संपत आलंय."

 पलीकडून काका म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या ‘हॅलो’वरून. शेवटच्या अक्षरात एक प्रकारची टंचाई जाणवली."

मॅनेजर समोरच बसला होता. जरा वेळापूर्वी त्याच्यासमोरच भाऊजींनी केलेला पहिला फोन काकांच्या घरी काकूंनी घेतला होता. ‘हे अंघोळीला गेलेत, रबर संपतंय म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पण तुम्हाला कळवायला लाजतात,’ असं त्यांनीच सगळं सांगून टाकलं होतं.

"धन्य आहे तुमची," काकांचा आवाज एकदम मोकळा झाला. "मी सांगणारच होतो हो. आता तुम्हीच ओळखलंत, बरं झालं."

 मॅनेजरनं दुसरा फोन ओढला, ओळखीचा एक रबरवाला गाठला आणि माल आजच काकांच्या वर्कशॉपवर उतरवायला सांगितला.