अल्दरीज साहेबांनी तोफा मोजल्या त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याने वाणी दिली त्यानेच तिला आवर द्यावा, ऐसे मागणे मागून सेवक लेखणी हाती घेतो. शके सतराशे त्र्याहत्तर, विरोधकृत् नाम संवत्सरे, फाल्गुन वद्य पंचमी, ते दिवशी लिहावयास बसलो. टोपीकर इंग्रज सरकारच्या चाकरीतील कप्तान अल्दरीज साहेब यांची हकीकत लिहावी ऐसे सेवकास कोणी फर्माविले नाही. परंतु सेवकाच्या माथी त्यांचे उपकार आहेत आणि ते बोलून दाखविल्यावाचून चैन पडेना, म्हणोन लिहितो.

सेवकाचे घराणे दक्षिणेतील. आमचे राज्य बुडाले तेव्हा वडील धन्यामागे ब्रह्मावर्ती आले आणि उरला जन्म जुन्या लढायांच्या बखरी लिहीत बसले, आणि त्या बखरींत आम्ही एकही लढाई हरलो नव्हतो. मग राज्य गेले कसे, हे सेवकाने एकदा विचारिले, तो वडील भरल्या ताटावरून उठले. तीच विद्या सेवकाच्या हाती आली आणि तिच्या जोरावर सेवक उत्तरेस जाऊन साहेबांचा लेखक जाहला. साहेब तेव्हा नदीकाठच्या एका राज्यात सरकारचे वकील होते. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण नकाशावर ते आता नाही. त्याआधी त्या मुलुखात शिखांची खालसा फौज होती. तिची आणि टोपीकरांची नदीवर मोठी लढाई जाहली, तीत साहेब स्वतः टोपीकरांकडून लढले आणि खांद्यास जखम घेते जाहले, आणि खालसा फौज बुडाली. मग साहेबांच्या मनाने घेतले की ज्यांच्याशी लढलो ते लोक कोण, हे लिहावे. आणि गुरूंपासून लढाईपर्यंत सारा इतिहास ते लिहू लागले आणि चार वर्षे त्यांनी शिकार केली नाही, जे टोपीकरांत वेडाचे लक्षण समजतात.

लढाईचे प्रकरण आले तेव्हा कळले की नदीकाठच्या धर्मशाळेत, म्हणजे शिखांच्या गुरुद्वारात, वसावासिंग म्हणोन खालशाचा जुना गोलंदाज आहे. साहेब सेवकास घेऊन तेथे गेले. वसावासिंग दाराशी बसून आल्यागेल्याचे जोडे पुसून ओळीने मांडीत होता. त्या लोकांत ही मोठी सेवा मानितात, सरदारही करितात. साहेबांनी लढाई विचारिली, तो म्हणाला, "मी येथून उठत नाही. ऐकायची असेल तर बसा." मग साहेब बूट काढून, डोईस रुमाल बांधून जोड्यांत बसले, आणि हाती फडके घेऊन जोडे पुसू लागले. सेवक सोवळ्याचा. तो दहा हात दूर दौत घेऊन बसला आणि मनात साहेबांची कीव करू लागला.

तेवढ्यात एक बाई आली. तिने आपले जोडे वसावासिंगापुढे न ठेविता पार पलीकडच्या पायरीवर नेऊन ठेविले आणि आत गेली. साहेबांनी विचारिले तेव्हा तो म्हणाला, "निहाल कौर. तिचा नवरा आणि दोन भाऊ आमच्या तोफांपुढे खंदकात होते. ऐन वेळी तोफा गप्प जाहल्या आणि ते कापले गेले. गोलंदाज भ्याले, ऐसे सारा गाव म्हणतो. चार वर्षे ती जोडे तिकडे ठेवते."

"आणि तोफा गप्प का जाहल्या?"

"दारूच्या पेट्या फोडल्या तो आत कोळशाची भुकटी. ज्यांनी भरल्या ते आमचेच मोठे लोक, त्यांचे तुमच्या छावणीशी आधीच ठरले होते. हे कोण मानणार?"

साहेबांनी मान खाली घातली आणि हातचा जोडा दोनदा पुसला. मग सेवकास म्हणाले, "पंडित, लढाईचा तुम्ही केलेला मसुदा वाचून दाखवा." सेवकाने मोठ्या डौलाने वाचिले की खालशाच्या सातशे तोफा कडाडल्या आणि धूर सात योजने गेला आणि नदी तांबडी होऊन उलटी वाहिली. सेवकास वाटले गोलंदाज खूश होईल. तो म्हणाला, "पंडतजी, तोफा त्रेचाळीस होत्या. तुम्ही सातशे लिहा, मग सातशे तोफा असून जे हरले ते भ्याडच ठरतील. आमची अब्रू तेवढी तरी राहू द्या." सेवकाच्या डोळ्यांपुढे वडिलांचे टाकलेले ताट आले.

साहेब एकाच्या बोलण्यावर विसंबले नाहीत. त्यांनी आणखी सहा गोलंदाज शोधिले, सरकारी दप्तरातील गुप्त पत्रे आपल्या डोळ्यांनी पाहिली, आणि मग वाक्य लिहिले: तोफा त्रेचाळीस, दारूच्या जागी कोळसा होता, आमच्या अंमलदारांस ते ठाऊक होते, गोलंदाज जागा सोडून गेले नाहीत.

ही कुणकुण वर पोचली आणि लाटसाहेबांच्या चिटणिसाचे पत्र आले की एवढे वाक्य गाळावे, न गाळाल तर वकिली जाईल. साहेबांची मडम दूरदेशी आजारी, सारा भार त्या पगारावर. सेवकाने फार विनविले, "हुजूर, हजार पृष्ठांत एक ओळ. कोणास कळणार आहे?" साहेब म्हणाले, "वसावासिंगास कळेल." मग सेवकाने काय करावे? छापखान्यास जाणारी शुद्ध प्रत सेवकाच्याच हातची. सेवकाने साहेबांच्या मायेपोटी ती ओळ गाळली आणि थैली शिवली. साहेबांनी थैली उसवून प्रत पाहिली. रागावले नाहीत. म्हणाले, "पंडित, आधी तुम्ही सहाशे सत्तावन्न तोफा जास्त घातल्या, आता एक ओळ कमी केलीत. जेवढे जाहले तेवढेच लिहिणे तुम्हांस फारच जड जाते." आणि ते पान स्वतःच्या हाताने लिहिते जाहले.

पुस्तक छापून आले आणि महिन्याभरात वकिली गेली. साहेब साध्या पलटणीवर परत गेले, तेथे त्यांस ताप भरला आणि एका वर्षात त्यांचा काळ जाहला. मडमेस पेन्शनही अर्धीच मिळाली. परंतु पलटणीवर जाण्याआधी त्यांनी सेवकास पुस्तक देऊन धर्मशाळेत धाडिले होते. सेवकाने सर्वांपुढे ते वाक्य त्यांच्या बोलीत वाचिले. निहाल कौर उठली, पायरीवरचे आपले जोडे आणिले, वसावासिंगापुढे ठेविले आणि आपल्या जागी जाऊन बसली. वसावासिंग ते किती वेळ पुशीत होता ते सेवकाने मोजिले नाही. त्या दिवशी सेवकही सोवळे विसरून त्याच्याशेजारी बसला.

साहेबांस पुरले तेव्हा पलटणीच्या मोठ्या अंमलदारांपैकी कोणी आले नाही. वसावासिंग दुखणे वाढल्याचे ऐकून अठरा कोस चालत आला होता, आणि निहाल कौरही. वसावासिंगाने साहेबांचे बूट मागून घेतले, पुसले आणि पेटीत पायांशी ठेविले. मग दोघांनी आपल्या रीतीने हात जोडून अरदास केली, आणि तीत साहेबांचे नाव घेतले.

येणेप्रमाणे अल्दरीज साहेबांची हकीकत. त्यांनी सेवकाच्या वडिलांस न साधलेली गोष्ट सेवकास शिकविली, त्यांचे कल्याण असो. साहेबांस पोचवावयास दहा हजार लोक लोटले, ऐसे लिहावयास हात शिवशिवतो आहे. अकरा होते. सेवकाने मोजिले.