सहा नंबरच्या फ्लॅटचा बंदोबस्त

मला फसवणारा बिल्डर अजून जन्माला यायचाय, असं मी गेल्या वर्षी, सत्त्याण्णव साली, सातपूरच्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. ऐकायला अठरा माणसं होती, त्यामुळे आता नाकारताही येत नाही. पण बढाई उगाच नव्हती हो! मी क्वालिटी इन्स्पेक्टर. मापात केसाएवढा फरक असलेला मशीनवरचा जॉबसुद्धा माझ्या टेबलावरून कधी पुढे सरकला नाही. अशा माणसाला एका फ्लॅटच्या व्यवहारात कोण काय गंडवणार?

फ्लॅट अंबडच्या अलीकडे, नव्या स्कीममध्ये होता. त्या वर्षी घरांसाठी नुसती झुंबड उडाली होती. सकाळी बघून आलेला फ्लॅट संध्याकाळी गेलेला असायचा. मी सहा नंबर धरला: दुसरा मजला, ईशान्येचा कोपरा, पूर्वेला दार. बिल्डरने पावती दिली, पण करारनामा रजिस्टर करायची गोष्ट काढली की "पुढच्या सोमवारी बघू" म्हणायचा. असे सहा सोमवार गेले. इकडे आमच्या घरमालकाने दसऱ्याला खोल्या रिकाम्या करायला सांगितलं होतं. होतं नव्हतं ते सगळं त्या पावतीत घातलं होतं. तो फ्लॅट हातचा गेला असता तर आम्ही नवरा-बायको कुठे जाणार, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. कँटीनमध्ये हे मी सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय.

त्यात शेजारच्या मशीनवरच्या मोतीरामने भर घातली.

"ललितराव, भाव चढले की हे लोक एकच फ्लॅट दोघांना विकतात. मग जो आधी आत शिरला, त्याचं घर. दारं बसलीत ना? कुलूप ठोका. दूध उतू घालवा. नावाची पाटी लावा."

"आणि पावती?"

"ती कुणाच्या नजरेलाही पडू देऊ नका. नंबर बघून लोक डुप्लिकेट बनवतात."

रविवारी मी संध्याला, म्हणजे बायकोला, स्कूटरवर बसवलं. सोबत स्टोव्ह, दूध, पाटी, कुलूप आणि होकायंत्र. होकायंत्र देवळाली कॅम्पच्या बाजारातलं, जुनं, लष्करी, पितळी. फ्लॅट ओळखायचा तर ते लागणारच होतं, कारण बिल्डिंग अर्धवट होती आणि एकाही दारावर नंबर नव्हता. दुसऱ्या मजल्यावर चार सारखी दारं. जिन्यात, चार पायऱ्या खाली, मिस्त्री काम करत होता, त्याला विचारता आलं असतं. पण होकायंत्र असताना मिस्त्रीला कशाला विचारायचं?

जिन्यातून वर आल्यावर तिथल्या एका ढिगावर मी यंत्र ठेवलं, काटा स्थिर होऊ दिला आणि बोट दाखवलं. "ईशान्य. हा आपला."

संध्या आत जाऊन खिडकीशी उभी राहिली. "अहो, इथून तर समोर पांडवलेण्यांचा डोंगर दिसतोय. तो दक्षिणेला ना? मग हे ईशान्य कसं होईल?"

"डोंगरावर विश्वास ठेवायचा की यंत्रावर?"

"सूर्य असता तर त्यानेच सांगितलं असतं," ती म्हणाली. पण ऑगस्ट होता. आठ दिवस नाशिकला सूर्य दिसला नव्हता.

आम्ही दूध उतू घालवलं, 'भालेराव' अशी पाटी ठोकली, कुलूप लावलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर माझी पाटी पायरीवर पडलेली, आणि कडीला माझ्या कुलपाशेजारी दुसरं कुलूप! दारावर खडूने लिहिलेलं: 'कारभारी गांगुर्डे'. मोतीराम म्हणाला तेच झालं होतं. मी स्कूटरच्या डिकीतून हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, काढून आणली, तर जिन्यातून एक धिप्पाड माणूस हातात हातोडा घेऊन वर येत होता. अंगात खाकी, छातीवर एसटीचा बिल्ला.

"हे कुलूप तुमचं का?" तो म्हणाला.

"हो. आणि हे तुमचं?"

"माझं. घर पण माझं."

"घर माझं आहे. कागद आहे माझ्याकडे."

"कागद माझ्याकडं बी हाय. दाखवा तुमचा."

"मी नाही दाखवणार. तुम्ही दाखवा."

"मी कोर्टात दाखवीन. मला बी सांगणारी मानसं हायेत."

पाच मिनिटांत त्याने माझं कुलूप फोडलं, मी त्याचं कापलं. कडीचाही जीव गेला. आता दाराला कुलूप लावायची सोयच उरली नाही, त्यामुळे दोघांपैकी कुणालाच तिथून हलता येईना. मला दुसऱ्या दिवशी पहिली पाळी, त्याला सकाळची सटाणा गाडी. शेवटी संध्याकाळी त्याने निरोप धाडून गावाहून आपली आई आणवली. चिमणाबाई. खाटेसकट. ती हॉलच्या मधोमध बसली आणि पानाला चुना लावू लागली.

मी गप्प बसणार? सिन्नरहून माझी आत्या आणवली. धोंडाबाई. तिलाही खाट. मग मी टेपने हॉल मोजून बरोबर मधोमध खडूची रेघ मारली. चिमणाबाईंची खाट दोन इंच अलीकडे येत होती, ती सरकवायला लावली.

"बाळा," चिमणाबाई म्हणाल्या, "तुझी आत्या लय दमली दिसती. तिला जरा टेकू दे, मग मोज."

तीन आठवडे हे चाललं. मी कामावरून सुटलो की तिथे. गांगुर्डे गाडीवरून उतरला की तिथे. आम्ही रेघेच्या दोन बाजूंना उभे राहून भांडायचो. बिल्डरच्या ऑफिसात जावं तर शेठ नाहीत, सुपरवायझर बाहेर गेलेला. आमचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, असं खालचा पानवाला सांगतो. दरम्यान रेघ कुठे गेली ते मला कळलंच नाही. दोघी म्हाताऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच हॉल झाडून काढला होता. खाटाही शेजारी शेजारी आल्या होत्या. आत्याला विचारलं तर म्हणाली, "अरे, तिला ऐकू कमी येतं. लांबून किती ओरडू?"

मी चक्रावलो होतो. कोण कुणाच्या बाजूने राखण करतंय तेच समजेना. माझी आत्या त्याच्या आईच्या हातची भाकरी खात होती, आणि त्याची आई मला "जेवला का" विचारत होती.

चौथ्या रविवारी संध्या डबा घेऊन आली. गांगुर्डेची बायको लताबाईही आली होती. मी आणि गांगुर्डे हॉलमध्ये आवाज चढवून उभे. त्या दोघी बाल्कनीत गवार निवडत बसल्या. गवार संपायच्या आधीच हॉलमध्ये आल्या, दोघींच्या हातात दोन पावत्या.

"अगं, दाखवलीस की काय?" मी किंचाळलो.

"दाखवली," संध्या म्हणाली. "आपला नंबर सहा. यांचा आठ."

हॉलमध्ये शांतता पसरली. इतकी, की चिमणाबाईंनीसुद्धा विचारलं, "काय झालं?"

आम्ही मिस्त्रीला वर बोलावलं. त्याने आल्या आल्या सांगितलं, "हा आठ. सहा तो, समोरचा."

"तुम्ही कसा ओळखला?" मी गांगुर्डेला विचारलं.

"मी यालाच इचारलं. डायवर मानूस मी, रस्ता ठावा नसला की गाडी थांबवून इचारतो."

"पण माझं यंत्र..."

"साहेब, ते यंत्र तुम्ही लोखंडी सळयांच्या ढिगावर ठेवलं होतं," मिस्त्री म्हणाला. "मी सांगणार होतो. पण तुम्ही इंजिनिअर दिसले, म्हटलं आपण कशाला बोला."

म्हणजे महिनाभर मी दुसऱ्याच्या घरात दूध उतू घालवून, त्याला स्वतःच्याच दारावर खडूने नाव लिहायला लावून, त्याच्याच आईची खाट दोन इंच सरकवत होतो. आणि माझा सहा नंबर? महिनाभर उघडा, कुलूप नाही, पाटी नाही, म्हातारी नाही! मी पॅसेज ओलांडून धावलो. मागून सगळे, दोन्ही म्हाताऱ्यांसह.

आत सुपरवायझर उभा होता. शेजारी सफारीतले एक गृहस्थ आणि त्यांची बायको. सुपरवायझर दाराकडे हात करून सांगत होता, "पूर्वेचं दार, साहेब. एवढा एकच राहिलाय."

आम्हा सात जणांना दारात बघून त्याचा हात तसाच राहिला. सफारीवाल्यांनी आमच्याकडे पाहिलं, बायकोचा दंड धरला आणि तिला घेऊन जिना उतरले.

"विकला का माझा फ्लॅट?" मी सुपरवायझरला विचारलं.

सुपरवायझर खालीच बसला. "विकला असता तर बरं झालं असतं. शेठने पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं, भाव चढलाय, सहा नंबर नव्या गिऱ्हाइकाला दे, त्या पावतीवाल्याला नंतर बघू. आजवर नऊ गिऱ्हाइकं आणली. जिना चढले की तुमची दोघांची बोंबाबोंब! एक हातोडा घेतलेला, एक करवत घेतलेला, मध्ये दोन म्हाताऱ्या. समोर असे शेजारी असल्यावर कोण घेणार?"

मला खरंच रडू आलं. गांगुर्डेने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सुपरवायझरकडे बघितलं. "उद्या धा वाजता रजिस्टार हापिसात शेठला घेऊन यायचं. भालेराव सायबाचा करारनामा. मी रजा टाकतो. आलं न्हाई, तर मी बी हाय, हातोडा बी हाय."

शेठ साडेनऊलाच आले.

दसऱ्याला आम्ही राहायला गेलो. आत्या सिन्नरला परत जायला तयार नाही, ती दिवसभर समोर आठ नंबरमध्येच असते. आणि कंपनीत ही हकिकत मी जरा वेगळी सांगतो: मला डाव आधीच कळला होता, म्हणून गिऱ्हाइकं पळवायला मी मुद्दाम समोरच्या फ्लॅटमध्ये ठाण मांडलं. अठराच्या अठरा जणांना ती पटली होती. मग परवा कंपनीच्या हळदीकुंकवाला संध्या गेली, आणि आता शिफ्ट सुरू झाली की मोतीराम रोज मला विचारतो, "ललितराव, तुमचं टेबल कुठलं, सापडलं का?"