चहा मुरेपर्यंत

टबाचा नळ सोडून, पाणी भरेपर्यंत कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवून यावा म्हणून डेरेक टॅटरसॉल आंघोळीच्या झग्यातच बाहेर पडला. डबा ठेवून वळला, तोच वाऱ्याने दार लागलं. ऑट्ली या इंग्रजी गावात वारा कायम असतो आणि डेरेकच्या दाराचं कुलूप आपोआप लागणारं होतं. किल्ली आत होती, मोबाइल आत होता, चष्मा आत होता. बाहेर फक्त डेरेक होता.

एवढ्यानेही काही बिघडलं नसतं. टब भरला की जास्तीचं पाणी वरच्या भोकातून निघून जावं, अशी सोय त्या देशात फार पूर्वीपासून आहे. पण डेरेकला गळ्यापर्यंत पाणी लागे. आयुष्यातली ही एवढी एकच चैन. म्हणून गेल्या हिवाळ्यात त्याने ते भोक चिकटपट्टीने बुजवलं होतं, आणि इतकं चोख बुजवलं होतं की त्याच्या बायकोने, मॉरीनने, लग्नानंतर प्रथमच त्याच्या हाताचं कौतुक केलं होतं.

टबाच्या बरोबर खाली जेवणाची खोली. तिथल्या टेबलावर केक. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं, जिलचं, लग्न होतं. मनुका-बेदाण्यांच्या त्या तीन मजली केकला मॉरीन उन्हाळ्यापासून चमच्याचमच्याने ब्रँडी पाजत होती. तान्ह्या बाळाचंही इतकं कोणी करत नाही. काल त्यावर साखरेचा पांढरा थर चढला आणि हाताने घडवलेले गुलाब बसले. सकाळी केस करून घ्यायला निघताना ती म्हणाली होती, "डेरेक, केककडे बघायचंसुद्धा नाही."

डेरेकला आता ते शक्यही नव्हतं.

तसा उपाय सोपा होता. समोर रॉय हेब्डन गाडी धूत होता. त्याच्याकडे शिडी होती आणि न्हाणीघराची खिडकी उघडी होती. डेरेकने झग्याची गाठ आवळली आणि तो फाटकापर्यंत गेला.

"काय डेरेक, कसं काय?" रॉयने विचारलं.

"एकदम मस्त," डेरेक म्हणाला. "तुमचं?"

"चाललंय."

संपलं. या प्रश्नाचं उत्तर एकच असतं आणि ते डेरेकच्या तोंडून आपसूक निघून गेलं होतं. टोकाच्या घरातल्या एका गृहस्थाने मागे या प्रश्नावर "कंबर धरलीय" असं खरं उत्तर दिलं होतं. त्याला पाहून लोक अजूनही रस्ता ओलांडतात. आणि आता तर मस्त असल्याचं जाहीर करून झालं होतं. लगेच शिडी मागायची म्हणजे आधी खोटं बोललो असं कबूल करणं.

"आज जरा गारठा आहे," रॉय डेरेकच्या उघड्या पोटऱ्यांवरून नजर उचलून आभाळाकडे पाहत म्हणाला.

"आहे खरा. पण कोरडं आहे."

"कोरडं आहे, हे बरंय."

डेरेक मागे फिरला आणि त्याने खालच्या खिडक्या एकेक करून ओढून पाहिल्या. तिसऱ्या खिडकीशी त्याने वळून पाहिलं, तर रॉय अर्धी धुतलेली गाडी तशीच टाकून घरात गेला होता आणि पडदे ओढून घेत होता. डेरेकला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता.

या गल्लीबद्दल होणाऱ्या जावयाने पहिल्याच भेटीत शंका काढली होती. तो लिस्बनचा. "तुमचं शेजाऱ्यांशी भांडण आहे का?" त्याने विचारलं होतं. "छे, छे!" मॉरीन म्हणाली होती. "फार चांगले संबंध आहेत. बोलायची वेळच कधी आली नाही."

आता मात्र आली होती. शेजारी, एकाच भिंतीच्या पलीकडे, मिसेस थ्वेट राहत. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. टॅटरसॉल कुटुंब सुट्टीवर गेलं की त्या कुंड्यांना पाणी घालत, आणि त्यासाठी जादा किल्ली त्यांच्याकडे असे. डेरेकने त्यांच्या पायरीवर उभं राहून मनात वाक्य पाठ केलं: मिसेस थ्वेट, किल्ली द्या. मग ते फार उद्धट वाटलं म्हणून मागेपुढे थोडी भर घातली. दार उघडेपर्यंत त्या वाक्यात किल्ली शोधावी लागत होती.

"मिस्टर टॅटरसॉल! कुंपणाचं ना? माफ करा हं. वाढलंय फार. माणूस येणार होता छाटायला, आलाच नाही मेला."

"नाही, नाही, माफ करा, कुंपण छान आहे. अचानक आलो, मीच माफी मागतो."

"अहो, माफी तर मी मागायला हवी."

"नाही हो, माझीच चूक."

यात बराच वेळ गेला. मग दारात उभं ठेवणं बरं दिसत नाही म्हणून मिसेस थ्वेटनी त्याला बैठकीत नेलं. डेरेक खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्याने झगा गुडघ्यांवर ओढून घेतला. मिसेस थ्वेटनी झग्याकडे पाहिलं नाही. शेजारी सकाळी काय घालून भेटायला येतो, हा त्याचा प्रश्न.

भिंतीतून आवाज येत होता. आधी नळाच्या धारेचा, आणि आता त्याच्या जोडीला दुसरा. थप... थप... थपथप.

"लग्नाची गडबड असेल तुमच्याकडे," मिसेस थ्वेट भिंतीकडे पाहत म्हणाल्या.

"हो. तशी आहे थोडीफार."

थपथपथप.

"केक मॉरीननेच केला म्हणे. कालच खिडकीतून दिसला. जेवणाच्या खोलीत ठेवलाय, नाही?"

"हो," डेरेक म्हणाला. "तिथेच."

मिसेस थ्वेटनी भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे, मग डेरेकच्या अनवाणी पावलांकडे. मग त्या उठल्या.

"चहा घेणार ना?"

"नको, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला त्यात?"

"नाही, खरंच नको."

"मी टाकतेच आहे माझ्यासाठी."

"मग घेईन. अगदी घोटभर." दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा हो म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर रागावल्यासारखं दिसतं.

"बसा तुम्ही. उठू नका. चहा चांगला मुरला पाहिजे, मला घाईचा चहा चालत नाही." असं म्हणून त्यांनी बैठकीचं दार लावून घेतलं.

डेरेक बसला. त्याच्या डोळ्यांसमोर सगळ्यात वरचा गुलाब विरघळला, मग दुसरा. मॉरीन रडणार नव्हती, ओरडणारही नव्हती. ती फक्त "हरकत नाही" म्हणणार होती, आणि मग ते "हरकत नाही" डेरेकला मरेपर्यंत पुरणार होतं. जिलचं काय? ती लहानपणापासून... इथे डेरेकने उशी छातीशी धरली.

कुठेतरी एक दार वाजलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडचा आवाज एकदम थांबला. माळ्यावरची टाकी संपली, डेरेकने हिशेब केला. म्हणजे टाकीतलं सगळं पाणी खाली गेलं. आता घाई करण्यासारखं काही उरलं नाही. त्याला थोडं हलकं वाटलं आणि त्या हलकं वाटण्याची लाज वाटली.

चहा मुरायला एरवी लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. मिसेस थ्वेट ट्रे घेऊन आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. सपाता प्रत्येक पावलागणिक पचपचत होत्या, उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती आणि हनुवटीवर साखरेचा पांढरा ठिपका होता. डेरेकने हे काहीच पाहिलं नाही. बाईमाणसाच्या हनुवटीकडे निरखून पाहायचं नाही, अशी त्याला आईची शिकवण होती.

"पाऊस येणार बहुतेक," मिसेस थ्वेट म्हणाल्या.

"येईलसं वाटतं," डेरेक म्हणाला.

कप संपता संपता त्याने एकदाचं तोंड उघडलं. "मिसेस थ्वेट, म्हणजे, फार अडचण होणार नसेल, आणि हाताशी असेल तरच... आमची किल्ली."

"किल्ली? हो, असेल कुठेतरी!" त्या उठल्या आणि एक खण उघडून पाहू लागल्या. मग दुसरा. प्रत्येक वेळी वाकल्या की त्यांच्या एप्रनच्या खिशात काहीतरी खुळखुळायचं. अखेर त्या डेरेककडे पाठ करून क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सापडली बाई! बघा, इथेच होती."

किल्ली ओली होती आणि गरमही होती.

डेरेक घरात शिरला. जेवणाच्या खोलीत छतावर मोठा डाग पडला होता. गालिचा गुंडाळून भिंतीला लावलेला होता, फरशी पुसलेली होती आणि डागाखाली बादली होती. टेबल रिकामं. केक स्वयंपाकघरात ओट्यावर उभा होता, अंगावर दीपस्तंभाचं चित्र असलेला पंचा घेऊन. तो पंचा टॅटरसॉल घराण्यातला नव्हता. केकच्या तळमजल्याच्या एका कोपऱ्यावर बोटाएवढा खळगा पडला होता आणि ती बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली होती.

तीन मजली केक. सत्तरी ओलांडलेली बाई.

डेरेक जिन्याच्या पायरीवर बसला. त्याला भरून आलं, आणि त्या भरात आयुष्यात केली नव्हती अशी चूक त्याने केली. पँट-शर्ट चढवून तो पुन्हा शेजारच्या दारी गेला, मिसेस थ्वेटचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "तुम्ही माझ्या मुलीचं लग्न वाचवलंत. तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही."

मिसेस थ्वेट आधी गुलाबी झाल्या, मग लाल. "मी?" त्या म्हणाल्या. "मी तर चहा करत होते." त्यांनी हात सोडवून घेतला, आणि दार हळूच लागलं. लगेच आतून कडी लागल्याचाही आवाज आला.

मॉरीन दुपारी परतली. डेरेकने सगळं सांगितलं. खळग्यावर तिने एक साखरेचं पान चिकटवलं. मग विचारलं, "आणि तू त्यांना काय म्हणालास?"

"आभार मानले."

"म्हणजे? तोंडावर?"

"हो."

"हात वगैरे धरलास की काय?"

डेरेकने हात पाठीमागे नेले.

"दोन्ही हातांनी?" मॉरीन खुर्चीत बसली. तासभर लावून केलेले केस तिने खुर्चीच्या पाठीवर टेकवले. "अरे, आता त्या बाईने या गल्लीत राहायचं कसं?"

लग्न झालं. केकचं सगळ्यांनी कौतुक केलं. मिसेस थ्वेट मात्र दोन दिवस कुणाला दिसल्या नाहीत. दूध पायरीवर तसंच असायचं आणि गल्ली सामसूम झाली की आत जायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मॉरीनने केकचा मोठा तुकडा बशीत ठेवला, वर तो पंचा धुऊन घडी करून ठेवला आणि डेरेकला म्हणाली, "पायरीवर ठेव. बेल वाजव. आणि पळ."

"पळू?"

"धावत सूट. काही बोलायला थांबलास तर याद राख."

डेरेक साठीला टेकला होता. बेल दाबून तो कुंपणाआड दडला, तेव्हा गुडघा करकरला. दार उघडलं. मिसेस थ्वेटनी रिकाम्या रस्त्यावर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कुणीही नाही याची नीट खात्री करून घेतली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की डेरेकला लपल्या जागी आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅटरसॉलांची बेल वाजली. मॉरीन उठू लागली, तसा डेरेकने तिचा हात धरला.

"थांब जरा," तो म्हणाला. "बशी परत आली असेल. त्यांना कुंपणापर्यंत पोहोचायला वेळ लागतो."