थळे परिवार स्नेहसहल नियोजन समिती

एकत्र कुटुंब मोडायला एका दुपारचं भांडण पुरतं; तेच कुटुंब तीन दिवसांसाठी पुन्हा एके ठिकाणी आणायचं, तर मात्र समिती लागते. हे ज्यांना मान्य नाही त्यांनी एकतर कुटुंब पाहिलेलं नाही, किंवा समिती. पोयनाडच्या आतल्या बाजूला राहणाऱ्या गणराजभाऊ थळ्यांनी दोन्ही पाहिलं होतं. अलिबागच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं काढून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, आणि या चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद घाईने पुढे गेला नाही असा त्यांचा लौकिक होता. (निरोप समारंभात साहेबांनी हे कौतुकाने म्हटलं की कसं, यावर कचेरीत अजून दोन मतं आहेत.)

विषय निघाला दिवाळीत. गणराजभाऊंची आत्या आवडाबाई, वय वर्षं चौऱ्याऐंशी. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली आणि मग भावांची आठ पोरं तिनेच वाढवली. त्या आठांची आता लेकीसुना, नातवंडं, पतवंडं धरून सदतीस झाली होती. ती डोंबिवली, खारघर, कळंबोली, उरण, पेण आणि पुणे इथे पांगली होती, आणि एक जण जहाजावर होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या आठवड्यात सांगितलं होतं की आत्याचा एक डोळा गेलेलाच आहे आणि दुसऱ्यात मधोमध धुकं धरत जाईल. वर्ष, फार तर सव्वा वर्ष. आत्याने ते ऐकून घेतलं, घरी येऊन चहा प्याली आणि म्हणाली, "गना, सगल्यांची तोंडां एकदा बघून घेयाची हायत. डोला हाय तवर."

आईपेक्षा आत्याच्याच हातचं गणराजभाऊ जास्त जेवले होते. त्या भावनेच्या भरात त्यांनी, कुणीही केलं असतं तसं, कपाटातून एक कोरी फाईल काढली.

समिती महिन्याभरातच स्थापन झाली. अध्यक्ष गणराजभाऊ. उपाध्यक्ष त्यांचे डोंबिवलीचे चुलतभाऊ दत्ताराम, निवृत्त मुख्याध्यापक. तंत्रज्ञान विभाग खारघरच्या पुतण्याकडे, म्हणजे कमलेशकडे. त्याला कुठल्याही प्रश्नाचा रंगीत तक्ता करता येत असे. गणराजभाऊंच्या बायकोला, जनीला, कोणतंही पद देण्यात आलं नाही, कारण सभा त्यांच्याच ओटीवर भरायच्या आणि चहा कुणीतरी करायलाच हवा होता. इतिवृत्तात विषय क्रमांक एक असा नोंदवला गेला: "आत्याचे नेत्र व तदनुषंगिक सहल."

पहिला प्रश्न ठिकाणाचा. मुंबईकडच्या मंडळींना समुद्र हवा होता. समुद्राकाठच्या मंडळींचं म्हणणं, तो आम्हाला रोज आहे, आम्हाला डोंगर द्या. पुणेकरांनी दोन्हींना हरकत घेतली आणि पर्याय सुचवला नाही. सात महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर नागावचा एक रिसॉर्ट एकमताने मंजूर झाला. (तीन जण तटस्थ.) तो गणराजभाऊंच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर होता. सामान बांधून, गाडी ठरवून, आपल्याच तालुक्यात पर्यटक म्हणून जायचं याचं त्यांना सुरुवातीला अवघड वाटलं. पण एकदा ठराव झाल्यावर वाटण्याला फारसा अर्थ नसतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी रिसॉर्टची पूर्वपाहणी केली. नंतर पाहणीच्या अहवालात त्रुटी निघाल्या म्हणून पुन्हा पाच वेळा केली.

मग तारीख. कमलेशने वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तक्त्यात मांडले आणि शास्त्रशुद्ध वजाबाकी सुरू केली. शाळाकॉलेजांच्या परीक्षा वजा. पावसात मांडव्याच्या लहान बोटी बंद, ते महिने वजा. लावणी वजा, कापणी वजा. गणपती, नवरात्र आणि पितृपक्ष वजा. कंपन्यांची तिमाही अखेर चार वेळा वजा. नागावला जाऊन मासळी खायची नाही तर जायचं कशाला, या तत्त्वावर सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थ्या आणि एकादश्या वजा. (दत्तारामांच्या घरी मंगळवारही पाळतात, हे त्यांच्या मुलांना समितीमुळेच समजलं.) वैशाखात लग्नं, उरलेल्या महिन्यांत बारशी. शेवटी सगळ्यांना सोयीचा असा सलग तीन दिवसांचा काळ सापडला नाही, पण एक दिवस सापडला. तो मतदानाचा निघाला.

खोल्यांच्या वाटपासाठी माहिती मागवली. घोरणारे चार, न घोरणारे नऊ, आणि आपण घोरत नाही असं स्वतःच सांगणारे चोवीस. या तिसऱ्या वर्गाचं काय करायचं यावर दोन सभा झाल्या.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना फलकाचा प्रश्न आला. स्वागताच्या फलकावर आत्याच्या दोन्ही भावांची नावं कोणत्या क्रमाने लिहायची? दत्तारामांचे वडील थोरले, म्हणून ते आधी. पण गावचं घर गणराजभाऊंच्या वडिलांनी सांभाळलं, म्हणून ते आधी. दोघेही भाऊ वारून वीस वर्षं झाली होती आणि हयातीत त्यांनी एका ताटात भाकर खाल्ली होती. दत्तारामांनी मात्र चार ओळींचा राजीनामा पाठवला आणि परिवाराचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. त्यानंतर चार महिने दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. गणराजभाऊंना वाईट वाटलं. राजीनाम्यावर जावक क्रमांक नसल्याने तो स्वीकारता येत नव्हता, हेही वाईटच होतं.

आत्या रोज सकाळी विचारायची, ठरलं का. गणराजभाऊ सांगायचे, प्रक्रियेत आहे. हे उत्तर खोटं नव्हतं. या उत्तराचं मोठेपण असं की ते कधीच खोटं ठरत नाही. पहिल्या उन्हाळ्यात आत्या तांदूळ निवडताना खडे डोळ्यांनी शोधायची. गणपतीच्या सुमाराला बोटांनी शोधू लागली. दुसऱ्या दिवाळीत तिने फराळाचं ताट गणराजभाऊंच्या हातात देण्याऐवजी दाराच्या खुंटीवर टांगलेल्या त्यांच्या सदऱ्यापुढे धरलं. ती स्वतःच हसली, जनी हसली नाही. गणराजभाऊंनी ताट घेतलं, करंजी खाल्ली, आणि त्याच दुपारी फाईलवर लाल शाईने "तातडीचे" असा शेरा मारला. त्यामुळे पुढची सभा दोन महिन्यांऐवजी सहाच आठवड्यांनी लागली.

संक्रांत होऊन गेल्यावर ते सहाव्या पाहणीसाठी नागावला गेले. संध्याकाळी परतले तर घराला कुलूप. चावी शेजारच्या पूनमकडे होती, आणि चावीबरोबर एक चिठ्ठी. चिठ्ठी मागच्या सभेच्या विषयपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर होती, अक्षर जनीचं. "आत्यांना घेऊन जाते. तांदूळ डब्यात आहेत. आठ-नऊ दिवसांत येऊ. गोळ्या वेळेवर घ्या."

गणराजभाऊ ओटीवर बसले. चिठ्ठीवर दिनांक नव्हता. त्यांनी जनीला फोन लावला. झालं होतं असं, की दोघी सकाळच्या एस.टी.ने अलिबागला गेल्या, तिथून रेवसला, आणि रेवसहून लाँचमध्ये बसून भाऊच्या धक्क्याला. पनवेलवरून सरळ रस्ता होता. पण आत्याच्या हिशेबी मुंबईला जायची वाट पाण्यातूनच जाते, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी तिला कुणी नवीन वाट शिकवणार नव्हतं. तिथून विचारत विचारत डोंबिवली गाठली होती आणि आता त्या दत्तारामांच्या दारात उभ्या होत्या. ज्यांच्याकडे जायचं त्यांना आगाऊ कळवलंय का, असं गणराजभाऊंनी विचारलं तेव्हा आत्याने फोन स्वतःकडे घेतला.

"न्हाय कलवलं," ती म्हणाली. "फोन केला तर तारीख इचारतील."

आणि फोन जनीकडे दिला.

पुढचे आठ दिवस गणराजभाऊ भात आणि लोणचं खात ग्रुपवर आलेले फोटो पाहत होते. या दौऱ्याला कोणतीही पूर्वतयारी नव्हती आणि तशीच ती दिसत होती. कळंबोलीला भाचीच्या डोक्याला मेंदी लावलेली. पुण्यात प्रांजली, म्हणजे एका भाच्याची लेक, कामाच्या मीटिंगमधून तशीच उठून आलेली, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली चड्डी. उरणला आख्ख्या घराला पडसं झालेलं. खारघरला कमलेश दारात टॉवेलवर. तंत्रज्ञान प्रमुखाचा एवढा खुलासेवार फोटो समितीच्या दप्तरी यापूर्वी नव्हता. आत्या जिथे जाईल तिथे एकच करायची. माणसाला खिडकीशी उजेडात बसवायची, हनुवटी धरून तोंड जरासं डावीकडे वळवायची, कारण तिच्या डोळ्याच्या कडेचंच तेवढं उरलं होतं, आणि बघायची. घाई नाही. एकेकाला पाच-पाच मिनिटं. जनी सांगते, पोरं आधी हसायची, मग आपणच हनुवटी पुढे करायची.

दत्ताराम पहिलेच होते. त्यांना ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की तुझा बाप साठीला असाच दिसायचा, नाकाखाली असंच कडू तोंड. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी तीस वर्षं पोरांना रडू नका म्हणून सांगितलं होतं. त्या रात्री ते आपणहून ग्रुपवर परत आले आणि एकच ओळ टाकली: "फलकावर कुणाचेही नाव आधी लिहावे." गणराजभाऊंनी ती तीनदा वाचली. मग ग्रुपवर काय टाइप करावं ते न सुचल्यामुळे त्यांनी दत्तारामांना सरळ फोन लावला. चार महिन्यांनी दोघं बोलले, ते मुख्यतः खोकल्याच्या औषधाबद्दल.

नवव्या दिवशी दुपारी दोघी परतल्या. जनीचे पाय सुजले होते, पण तिचा आवाज लग्नाच्या वर्षानंतर प्रथमच एवढा मोठा झाला होता. सदतीसपैकी पस्तीस झाले, तिने जाहीर केलं. जहाजावरचा मे महिन्यात येईल. गणराजभाऊंनी सवयीने पडताळा घेतला. पस्तीस आणि एक छत्तीस. एक कमी पडत होतं, तर कोण राहिलं, असं त्यांनी विचारलं.

आत्याने हात पुढे करून त्यांचं मनगट शोधलं आणि त्यांना ओढत ओटीच्या कडेला नेलं, जिथे ऊन येत होतं.

"तू ऱ्हायलास," ती म्हणाली. "बस हितं."

ते बसले. तिने हनुवटी धरली, तोंड वळवलं. तिची बोटं खरखरीत होती आणि त्यांना लाँचच्या डिझेलचा वास येत होता. एकाच छपराखाली राहून आपल्याकडे गेल्या चौदा महिन्यांत कुणी असं पाहिलं नव्हतं, आणि आपणही कुणाकडे पाहिलं नव्हतं, हे गणराजभाऊंच्या ध्यानात आलं. याची नोंद कुठे घ्यावी ते त्यांना कळेना. त्यांनी चष्मा काढला.

"कागद बघून बघून तुजं तोंड कागदावानी झालाय," आत्या म्हणाली. मग अंगठ्याने त्यांच्या डोळ्याखालचं पुसलं. "आता जरा बरं दिसतंय. ओला झाला."

समितीची पुढची सभा ठरल्या दिवशी झाली. आत्या आणि जनी यांचा दौरा विनापरवानगी असला तरी कुटुंबहिताचा होता, असं मत पडून त्याला कार्योत्तर मंजुरी देण्यात आली. विषय क्रमांक एक निकाली निघाल्यामुळे सहलीची तातडी आता उरलेली नाही, सबब तिचं नियोजन यापुढे सावकाश आणि अधिक काटेकोरपणे करता येईल, असा ठराव कमलेशने मांडला. दत्तारामांनी अनुमोदन दिलं. गणराजभाऊ सभेला हजर नव्हते. ते आत्याला घेऊन रेवसच्या धक्क्यावर गेले होते. तिला लाँच येताना बघायची होती, आणि त्यांना ती बघताना.

हे वाचून तुम्हाला आपल्या घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाची आठवण झाली असेल, याबद्दल गणराजभाऊंच्या मनात शंका नाही. तुम्ही पुढे काय कराल तेही त्यांना माहीत आहे. तुम्ही या पानाचा फोटो काढाल, घरच्या ग्रुपवर टाकाल आणि खाली दोन जोडलेले हात लावाल. संध्याकाळपर्यंत त्याला अकरा जणांचे हात येतील. ते म्हातारं माणूस त्या ग्रुपवर नसतं.