दोन पट्ट्यांचा प्रयोग

उत्तर आधीच ठाऊक असलं की प्रयोग करायची गरज राहत नाही, आणि प्रयोग केलाच नाही तर तो चुकत नाही. विज्ञानाचं हे मर्म फार थोड्या विद्यापीठांना उमगलं आहे. शिंप्याची मधली मुलगी जनुकीय अभियांत्रिकीच्या ज्या विभागात दाखल झाली, त्याला मात्र ते पुरतं उमगलं होतं.

विभाग सुसज्ज होता. डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र होतं, गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र होतं, उणे वीस अंशांचा फ्रीझर होता. यंत्रांवर धूळ बसू नये म्हणून कापडी झाकणं, झाकणं मळू नयेत म्हणून त्यांवर प्लास्टिक, आणि प्लास्टिक कुणी उचलू नये म्हणून दाराला कुलूप. त्यामुळे नऊ वर्षांत एकही यंत्र बिघडलं नव्हतं. (चालतं की नाही, हा निराळा प्रश्न, तो कुणी विचारला नव्हता.)

प्रवेश मिळाला त्या दिवशी वडिलांनी शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारलं होतं, "यात नक्की करायचं काय असतं?"

"डीएनए कापायचा, आणि हवा तिथे जोडायचा."

"मग दुकानातच बसायचं होतंस," वडील म्हणाले. पण पुढे महिनाभर ते येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होते, की आमची मधली जीवजंतू उसवून पुन्हा शिवते.

दुसऱ्या सत्राचा मुख्य प्रयोग असा: जीवाणू वाढवायचे, त्यांच्यातून डीएनएचं छोटंसं कडं बाहेर काढायचं, विकर नावाच्या रासायनिक कात्रीने ते दोन ठिकाणी कापायचं आणि तुकडे जेलीच्या वडीतून विजेच्या जोरावर पुढे सरकवायचे. तुकडे दोन, म्हणून खास दिव्याखाली नारिंगी पट्टेही दोन. प्रत्यक्षात विद्यार्थ्याने वरच्या वर्गातून जर्नल आणायची, उतरवून काढायची आणि तिच्यातल्या फोटोची झेरॉक्स चिकटवायची. अडतीस विद्यार्थी, अडतीस फोटो, आणि अडतीसही फोटोंच्या डाव्या कोपऱ्यात एकाच अंगठ्याचा ठसा. आनुवंशिकतेचा इतका स्वच्छ पुरावा कुठल्या प्रयोगशाळेला मिळाला असेल असं वाटत नाही.

मधलीचा घोटाळा असा झाला, की तिने जर्नल उतरवता उतरवता वाचलीही. तिच्यात लिहिलं होतं, 'जीवाणू ७३ अंशांवर वाढवा.' पुस्तकात आकडा ३७ होता. कुणा पूर्वजाच्या हातून आकडे उलटे पडले होते, आणि तो दोष नऊ पिढ्या सुखरूप उतरत आला होता.

ती विभागप्रमुख बाईंकडे गेली. "बाई, त्र्याहत्तर अंशांवर हे जीवाणू शिजतील."

बाई सह्या करत होत्या. "मग?"

"मग पट्टे कसे येतात?"

"व्यवस्थित येतात. तुमच्या आधी तीनशे बेचाळीस जणांना आले. घरी काही त्रास आहे का तुम्हाला?"

लॅबची किल्ली लॅबकाकांकडे असे. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांनी किल्ली पुढे केली. "झाकणं मात्र होती तशी घाल. घडीवरून ओळखतात."

मधलीने सदतीस अंशांवर जीवाणू वाढवले. त्यांच्यातलं कडं काढलं, त्यात विकर घातलं आणि तुकडे वडीतून सरकवायला वीज सोडली. तिसऱ्या दिवशी तिने दिवा लावला आणि काळ्या वडीत एक नारिंगी पट्टा उजळला. स्वतःच्या हाताने काढलेला डीएनए ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. ती पाच मिनिटं नुसती बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की पट्टा एकच आहे. कडं कापलंच गेलं नव्हतं. तिने प्रयोग आणखी दोनदा केला. दोन्ही वेळा एकच.

"सुट्टीत फ्रीझर बंद करता का हो काका?"

"मेन स्विचच बंद करतो. तसा नियम आहे."

"किती वर्षं?"

"नियम आल्यापासून."

विकर थंडीतच टिकतं; फ्रीझरमधली कात्री केव्हाच बोथट होऊन पडली होती. मधलीने जर्नलमध्ये लिहिलं: 'एकच पट्टा. विकर निकामी असावं. प्रयोग तीनदा केला.'

या वाक्यांमुळे त्रिसदस्यीय समिती नेमावी लागली. दोन बैठकांनंतर निष्कर्ष निघाले ते असे, की सदर निकाल अन्य निकालांशी जुळत नसल्याने चुकीचा आहे. फ्रीझरविरुद्ध आजवर एकही तक्रार नसल्याने तो निर्दोष आहे. आणि प्रयोगशाळेत प्रयोग करण्यासारखा प्रकार घडलाच कसा, याचा खुलासा संबंधित कर्मचाऱ्याने करावा. लॅबकाकांना मेमो मिळाला. "बरं झालं," ते म्हणाले, "वाचायला काहीतरी आलं."

बाईंनी मधलीला बोलावून समजुतीने सांगितलं, "पान बदला. विषय संपेल. नाहीतर वर्ष जाईल."

त्या संध्याकाळी तिने वडिलांचं दुकान गाठलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती हवेत त्यांना?"

"दोन."

"आणि आला?"

"एक."

वडिलांनी खडूने कापडावर एक रेघ मारली. "गिऱ्हाइकाचा एक हात आखूड असला तर मी वहीत दोन्ही सारखे लिहीत नाही. शेवटी कोट अंगावर बसायचा असतो."

तिने पान बदललं नाही. तेच पान घेऊन ती परीक्षेला गेली.

बाहेरून आलेले परीक्षक याच विभागाचे माजी विद्यार्थी होते. "पट्टा एकच?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"स्वतः केलात?"

"तीनदा."

त्यांनी चष्मा काढला, दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "खरा दिसतो कसा?"

"जरा वाकडा असतो, सर. कडा पुसट असतात."

परीक्षकांनी मान हलवली. मग गुणतक्ता पुढे ओढला. दोन पट्ट्यांना वीस, टापटिपीला दहा, जर्नलच्या कव्हरला पाच, तोंडी परीक्षेला पाच. प्रयोग केल्याबद्दल रकाना नव्हता. त्यांनी इकडून तिकडून ओढाताण करून तिला चाळीसपैकी सोळा दिले, सोळाला उत्तीर्ण. पहिली आली ती वर्गातली 'स्केचपेन'. तिने फोटोवर समाधान न मानता पट्टे नारिंगीच्या दोन छटांत रंगवले होते. ती आता त्याच विभागात शिकवते.

मधली एका छोट्या रक्ततपासणी केंद्रात लागली. नमुना बिघडला असेल किंवा यंत्राचे दोन आकडे जुळत नसतील, तर ती शांतपणे सांगते, "रिपोर्ट आज मिळणार नाही. रक्त पुन्हा द्यावं लागेल." यावर लोक आधी घड्याळाकडे बघतात, मग रस्त्यापलीकडे. पलीकडे दुसरं केंद्र आहे. तिथे अर्ध्या तासात रिपोर्ट मिळतो, बहुधा नॉर्मल असतो, आणि कागदही जाड असतो. रांग तिथे लागते.

"समोरच्या बाई उगाच कीस काढतात, त्यांना काही येत नसावं," असं गेल्या आठवड्यात त्या रांगेत कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ते कोण म्हणालं, हे वाचकहो, आपल्याला विचारण्यात अर्थ नाही. आपण त्याच रांगेत होता, पण घाईत होता. आपला रिपोर्ट नॉर्मल आल्याचं कळलं. फार आनंद झाला.