रोल नंबर तेरा, बंडू गायकवाड

आमच्या गायकवाड सरांनी शाळेच्या कॉम्प्युटरचं नाव हजेरीपटावर घातलं होतं. रोल नंबर तेरा, बंडू गायकवाड. मी त्या वर्गाची बाई. पण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पट लिहायचं काम मी हौसेनं सरांच्या गळ्यात घातलं होतं. भोगा आता!

उल्हासनगर कॅम्प चारमधली आमची शाळा विशेष मुलांची. सर अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. तो बंद पडल्यावर कॉम्प्युटर शिकून आमच्याकडे आले. सकाळी त्यांनी "रोल नंबर तेरा!" पुकारलं की वर्गातली पुष्पा बटण दाबायची, डबा 'टूं' करायचा आणि सगळा वर्ग त्याच्या वतीनं ओरडायचा, "हजर!"

सरांची शिकवण्याची तऱ्हाच उलटी. "बंडूला काही येत नाय बिचाऱ्याला," ते मुलांना सांगत, "तुम्ही शिकवा. पण रागवायचं नाय." जन्मभर 'तुला येत नाही' ऐकलेली आमची पोरं एकदम मास्तर व्हायची. पुष्पा स्वतःचं नाव टाइप करताना त्यालाच दटावायची, "नीट बघ रे!" जीन्स शिवणाऱ्यांकडून पितळी बटणं मागून आणून सर ती कीबोर्डवर चिकटवत, म्हणजे ज्याला त्याला आपलं अक्षर बोटाला लागे. लतिका माउसला घाबरायची, तर या माणसानं माउसला झबलं शिवलं. दुसऱ्या दिवशी ती त्याला मांडीवर घेऊन बसली.

आणि एका शुक्रवारी, नेमकी वीज नसताना, तपासणीला साहेब आले. त्यांनी मुलं मोजली. बारा. पटावर तेरा.

"हा बंडू गायकवाड कुठाय?"

"झोपलाय," पुष्पा म्हणाली. "वायर काढलीय त्याची."

"वायर?"

"काल लई तापलेला ना. सरांनी मागून उघडला न् फुंकर मारली."

साहेबांनी पाणी मागितलं. मी घाईघाईनं त्यांना कोपऱ्यातला, प्लास्टिकचं कव्हर घातलेला बंडू दाखवला. पाणी पिऊन ते म्हणाले, "नाव कापा. सोमवारी पट ऑफिसात आणून दाखवा."

ते गेल्यावर मी लाल पेन काढलं. एरवी सतत थट्टा करणाऱ्या सरांनी पटावर हात ठेवला.

"बाई, राहू द्या ना."

"अहो सर, यंत्र आहे ते!"

"यंत्राचं नाय हो. बंडू माझा धाकटा भाऊ. ह्या पोरांसारखाच होता. आई त्याला घेऊन बदलापूर ते कल्याण, शाळा शाळा फिरली. कोणी नाव लावून घेतलं नाय. एकोणिसाव्या वर्षी गेला तो. एवढ्या वर्षांनी त्याचं नाव कुठंतरी लागलं होतं."

मला माझीच लाज वाटली. पण नोकरी मलाही होती. मी नाव कापलं. सर पिशवी उचलून घरी गेले.

शनिवारी मी एक कोरी वही आणली. पहिल्या पानावर 'कॉम्प्युटर वर्ग' लिहिलं, खाली माझ्याच कोंबडीच्या पायांनी नावं लिहिली. ही वही कुठल्याच साहेबाला दाखवायची नव्हती. हजेरीही त्या दिवशी मीच घेतली.

"रोल नंबर एक, बंडू गायकवाड!"

पुष्पानं बटण दाबलं. टूं झालं. पण वर्ग ओरडायच्या आत सरच उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "हजर, बाई."