मंद ठोक्यांबद्दल कारवाई

मिनेसोटातल्या आमच्या गावच्या पाणीपुरवठा कार्यालयाने जानेवारीत सर्व कर्मचाऱ्यांच्या हृदयांची काळजी वाहण्याचे ठरवले. प्रत्येकाच्या मनगटावर एक घड्याळ आले. नियम सोपा होता. दोनशेवीसमधून आपले वय वजा करायचे; उरेल त्याच्या सत्तर टक्के ठोके मिनिटाला, असे रोज अर्धा तास पडले की कर्मचारी सक्रिय. नाही पडले तर निष्क्रिय.

व्हर्ना लिंडक्विस्ट एकसष्टची. बत्तीस वर्षे ती घरोघर चालत जाऊन पाण्याचे मीटर वाचते. रोज नऊ मैल, बर्फ असो की डास. नियमाप्रमाणे तिला एकशे अकरा ठोके हवे होते. तिचे हृदय चढावरसुद्धा नव्वदच्या पुढे जायला तयार नव्हते.

बिले भरून घेण्याच्या माझ्या शेजारच्या खिडकीवर बसणारी लॉरेन बावन्नची. तिच्या अंगाची दिवसातून दहादा लाही होई, छाती धडधडे आणि घड्याळ टाळ्या वाजवी. पहिल्याच महिन्यात ती कार्यालयातली सर्वोत्तम व्यायामपटू ठरली.

"अहो, कसला व्यायाम? पाळी जातेय माझी!" ती ओरडली.

आरोग्य समन्वयक ब्रेंट ऑस्टबी यांनी तिच्या नावापुढे 'अंतर्गत व्यायाम' अशी नोंद केली.

व्हर्नाला मात्र पत्र आले. हृदयाचे परिश्रम समाधानकारक होईपर्यंत तिने फिरती सोडून खिडकीवर बसावे.

"मला खुर्चीत नका हो घालू," ती ब्रेंटना म्हणाली. "चालणं थांबलं तर मी दोन महिन्यांत म्हातारी होईन."

"आम्हाला तीच तर काळजी आहे, व्हर्ना."

तिने डॉक्टरांची चिठ्ठी आणली. ठोके मंद, कारण हृदय भक्कम, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. ब्रेंटनी ती आदराने वाचली. "हृदयाबद्दल डॉक्टरांचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. आक्षेप घड्याळाचा आहे."

व्हर्ना दहा आठवडे बसली. खिडकीबाहेर बघत लॉरेनने आणलेला, चीज घालून भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश खात राहिली. एप्रिलमध्ये एक फाइल आणायला वरच्या मजल्यावर गेली, तर अर्ध्या जिन्यातच कठडा धरून धापा टाकायला लागली. ठोके एकशे चौतीस! ब्रेंट प्रमाणपत्र घेऊन धावले.

"बघा, हृदय कसं कामाला लागलं!"

"कामाला नाही रे बाबा, मेटाकुटीला आलंय!"

फिरती परत मिळाली. बाई रस्त्यावर उतरली तेव्हा रडत होती, आनंदाने. पण नऊ मैलांनी पुन्हा घात केला. जूनपर्यंत ठोके एकशे आठ, एकशे एक, सत्त्याण्णव असे उतरत गेले. ताकीद आली.

"पुन्हा खुर्ची आली तर मी संपले रे," ती मला म्हणाली. मला वाईट वाटले, आणि मी तिला एक उपाय सांगितला.

आता व्हर्ना रोज सकाळी अर्धा तास गाडीत बसते आणि रेडिओवर विरुद्ध पक्षाच्या माणसाची बडबड ऐकते. ठोके एकशे अठ्ठावीस. ब्रेंट खूश. नंतरचे नऊ मैल घड्याळ विश्रांतीत धरते.

हसताय? तुम्हीसुद्धा रोज जेवण झाल्यावर बातम्यांमधली भांडणं बघत दातओठ खाता ना? मग उत्तम. तुमचं हृदय सक्रिय आहे. खुर्चीतून उठायची काही गरज नाही.